मावशीचे चाळीस ढेकूण

भोंगाच्या मावशीकडे चाळीस ढेकूण होते, आणि ते तिने पाळलेले होते. चुकून राहिलेले नव्हे, गादीत दडलेले नव्हे. काचेच्या कुपीत, जाळीच्या झाकणाखाली, वेळच्या वेळी जेवू घालून सांभाळलेले. भोंगा हे शाळेत कुणाला सांगायची तेव्हा ऐकणारा आधी दोन पावलं मागे सरकायचा आणि मग तीन पावलं पुढे यायचा. पुढचं ऐकल्याशिवाय कुणाचाच पाय निघत नसे, आणि पुढचं सांगायला भोंगा एका पायावर तयार असे.

पुढचं असं, की मावशी आरोग्य खात्याच्या ढेकूण निर्मूलन पथकात होती. पथकात चार माणसं, एक गरम हवेचं यंत्र आणि एक कुत्री. यंत्र खोली अशी सणसणीत तापवायचं, की गादीच्या शिवणीतला, पलंगाच्या खाचेतला, अगदी भिंतीवरच्या फोटोमागचा ढेकूणसुद्धा अंड्यापिल्लांसकट खलास. पण कुठली खोली तापवायची हे सांगायची कुत्री. तिचं नाव तपकीर. रंग तपकिरी म्हणून हे नाव पडलं असं मावशी म्हणायची. सगळा कारभार नाकाचा म्हणून पडलं, असं भोंगाचं मत. तपकीर खोलीत शिरायची, हुंगत हुंगत फिरायची आणि जिथे जिवंत ढेकूण असेल तिथे मुकाट बसायची. भुंकणं नाही, खरवडणं नाही. नुसतं बसायचं आणि 'घ्या, सापडले तुमचे' अशा चेहऱ्याने मावशीकडे बघायचं.

मेलेल्या ढेकणापाशी मात्र ती बसत नसे. मेलेल्यांसाठी पुन्हा खोली तापवायची म्हणजे फुकटची मेहनत. हा फरक नाकात पक्का राहायचा तर रोज सराव हवा, सरावाला ढेकूण जिवंत हवेत, आणि जिवंत ढेकणांना जेवायला लागतं. ते जेवण म्हणजे मावशीचा डावा हात. आठवड्यातून एकदा ती कुपी उलटी करून जाळी हातावर टेकवायची आणि दहा मिनिटं पेपर वाचत बसायची.

"दुखत नाही का गं?" आई विचारायची, तेही भिंतीकडे बघत.

"खाज सुटते थोडी. तुझ्या पंगतीला तिघं असतात आणि तिघंही मीठ कमी म्हणतात. माझ्याकडे चाळीस जेवतात, एकाची तक्रार नाही."

आता यात भोंगाचं काम काय, तर लपवायचं. सरावाच्या वेळी कुपी कुठे आहे हे मावशीला ठाऊक असून चालत नाही. ठाऊक असलं की माणूस नकळत तिकडे बघतो, पट्टा किंचित सैल सोडतो, श्वास धरतो, आणि कुत्र्याला हे सगळं वाचता येतं. मग कुत्री ढेकूण शोधत नाही, मावशीचा चेहरा शोधते. म्हणून लपवणारं माणूस वेगळं लागतं. सुट्टीच्या दिवशी ते माणूस म्हणजे भोंगा. कुपी लपवायची, जागा कागदावर लिहून पाकीट बंद करायचं आणि मग अर्धा तास, खोलीत वास नीट पसरेपर्यंत, दाराबाहेरच्या पायरीवर ठाण मांडून बसायचं. कुणालाही आत सोडायचं नाही. आणि एकदा शोध सुरू झाला की तोंडातून चकार शब्द नाही, चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा.

ही शेवटची अट भोंगाला जड जायची. गंमत म्हणजे वर्षापूर्वी ती तिला सगळ्यात सोपी गेली असती. तेव्हा तिला भोंगा म्हणतच नसत. वर्गात हजेरीला ती इतक्या बारीक आवाजात 'हजर' म्हणायची, की बाई तिला निम्मे दिवस गैरहजर लावायच्या. मग एका सकाळी प्रार्थनेनंतर बातम्या वाचणारीचा घसा बसला, बाईंनी समोर उभ्या असलेल्या पहिल्या मुलीच्या हातात कागद दिला, आणि ती पहिली मुलगी ही निघाली. पहिली ओळ तिने पुटपुटली. दुसरी ओळ माईकमधून अख्ख्या मैदानावर घुमली आणि तिला वाटलं, अरेच्चा, हा आवाज माझा आहे होय? तिसऱ्या ओळीपासून जी गाडी सुटली ती अजून थांबायची होती. मावशीने त्याच आठवड्यात भोंगा हे नाव ठेवलं आणि तिने ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं.

आणि आज तपकीरची परीक्षा होती.

दरवर्षी मुख्य कार्यालयातून परीक्षक यायच्या. तीन खोल्या, तीन शोध, प्रत्येकाला चार मिनिटं, आणि तिन्ही जमलेच पाहिजेत. गेल्या वर्षी तपकीरला सर्दी झाली होती आणि एक शोध हुकला होता. दोन वर्षं लागोपाठ हुकलं की कुत्र्याला प्रशिक्षण केंद्रात परत पाठवतात. तिथून ते दुसऱ्याच गावाला, दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताखाली जातं. हे मावशीने भोंगाला एकदाच सांगितलं होतं, तेही बूट पुसता पुसता, मान वर न करता. त्यावरून भोंगा काय ते समजली.

परीक्षेसाठी खात्याने जी इमारत निवडली होती ती मावशीचीच कमाई होती. तीन मजले, बारा घरं. दोन महिन्यांपूर्वी पथक पहिल्यांदा आलं, तेव्हा 'आमच्याकडे नाहीत हो, समोरच्यांकडे असतील' असं बाराच्या बारा घरांनी सांगितलं होतं. तपकीर नऊ घरांत बसली. मग सुरू झाली धांदल. कपडे पिशव्यांत भरून गाठी मारायच्या, पलंग भिंतीपासून हातभर दूर ओढायचे, त्यांच्या पायांखाली बशा ठेवायच्या, पुस्तकं झटकायची, आणि यंत्र आलं की सगळ्यांनी अर्धा दिवस जिन्यात बसायचं. त्या जिन्यात बसण्याने एक नवल झालं. जी माणसं एकमेकांपासून ढेकूण लपवत होती ती 'तुमच्याकडे किती निघाले?' असं भाजीचा भाव विचारल्यासारखं विचारू लागली. दोन फेऱ्या झाल्या. गेल्या आठवड्यात तपकीर बाराही घरं फिरली आणि कुठेही बसली नाही. म्हणूनच परीक्षा इथे. इथे आता कुपीतले सोडून एकही ढेकूण नव्हता.

परीक्षक बाई आल्या, त्या अंगाने पेन्सिलीसारख्या आणि हातात पेन्सिल घेऊनच. त्यांनी तपकीरकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि मग भोंगाकडे.

"लपवणार कोण? ही?"

"हो. माझी भाची. सहा महिने करतेय," मावशी म्हणाली.

"बोलते फार?"

"बोलते. पण शोध चालू असताना नाही."

"बघू," परीक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. अजून काही घडलंच नव्हतं, तर यांनी लिहिलं काय, हे भोंगाला कळेना.

पहिल्या मजल्यावर भोंगाने कुपी पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे ठेवली. तपकीरला दीड मिनिट लागलं. दुसऱ्या मजल्यावर पडद्याच्या खालच्या दुमडीत. तिथे ती दोनदा पुढे जाऊन मागे आली आणि मग बसली. परीक्षक बाईंनी दोन्ही वेळा पाकीट उघडलं, वाचलं, खूण केली आणि 'हं' म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये साखर किती आणि मीठ किती, काही पत्ता लागला नाही.

राहिला तिसरा मजला. तिथे पोस्टमास्तर आजोबा आणि आजी राहायचे. आजोबांना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण दारावर टकटक झाली की ते अजून 'पुढे या' म्हणायचे. भोंगा कुपी घेऊन आली तशी आजी स्टूल घेऊन खालच्या वळणावर जाऊन बसल्या आणि आजोबा शेजारच्यांच्या दारात गप्पा मारत उभे राहिले. भोंगाने खोलीवरून नजर फिरवली. पलंग झाला, पडदा झाला. तेच तेच काय करायचं? दाराजवळच्या खुंटीवर आजोबांची टोपी होती. करडी, जाड लोकरीची, काठाची, खास प्रसंगाची टोपी. दोन महिने जाऊन येऊन ती भोंगाने त्याच खुंटीवर पाहिली होती. केस गेले तशी टोपी सैल होऊ लागली, म्हणून आजोबांनी आतल्या पट्टीत कागदाची घडी खोचली होती. त्या घडीमागे अर्ध्या बोटाएवढी कुपी अशी चपखल बसली, की भोंगा स्वतःवरच खूश झाली. 'खुंटीवरची टोपी, आत कागदामागे,' तिने लिहिलं, पाकीट चिकटवलं, खाली जाऊन परीक्षक बाईंना दिलं आणि परत येऊन पायरीवर ठाण मांडलं.

ठाण चांगलं दहा मिनिटं टिकलं.

"तू म्हणे शाळेत बातम्या वाचतेस?" खालच्या वळणावरून आजी म्हणाल्या.

"वाचते ना."

"मग वाच की एखादी. मला इथे बसून कंटाळा आलाय."

आता इथे कागद कुठून आणायचा? पण भोंगाला कागदाची गरज नव्हती. तिने तिथल्या तिथे बातम्या रचायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरील ढेकणांनी गाशा गुंडाळला. दुसऱ्या मजल्यावरील काकूंच्या बशा परत मिळण्याची मागणी. हवामान, जिन्यात दमट, यंत्राजवळ कडक ऊन. आजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसणारं माणूस समोर असलं की भोंगाचे पाय जागेवर राहत नसत. ती एक पायरी उतरली, मग दुसरी, मग थेट वळणावर जाऊन हातवारे करू लागली. मागून कुणाच्या तरी चपला खाली येत असल्याचं तिने ऐकलं. "जपून हं आजोबा," ती मागे न बघताच वाट देत म्हणाली आणि क्रीडावार्तांकडे वळली.

अर्धा तास झाला. मावशी, तपकीर आणि परीक्षक बाई वर आल्या. भोंगा कोपऱ्यात खडूने आखलेल्या चौकोनात उभी राहिली, चेहरा कोरा केला आणि नियमाप्रमाणे छताकडे बघू लागली. छत बघून झालं. पंखा बघून झाला. मग नजर घसरत घसरत, अगदी सहज, दाराजवळच्या भिंतीवरून गेली.

खुंटी होती. टोपी नव्हती.

भोंगाला एकदम आठवलं. त्या चपला. 'जपून हं आजोबा.' ते टोपी घ्यायला परत आले होते, आणि ती वळणावर उभी राहून क्रीडावार्ता देत होती. चाळीस जिवंत ढेकूण एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर बसून कुठेतरी फिरायला गेले होते.

"शोध," मावशीने सांगितलं.

तपकीर पलंगाखालून गेली, कपाटाच्या कडेने गेली, खुंटीखाली आली आणि थबकली. नाक वर केलं, मान वाकडी केली, मागचे पाय किंचित वाकले. भोंगाने श्वास धरला आणि धरला म्हणून स्वतःला मनातल्या मनात एक चापट मारली. तपकीर बसली नाही. ती वळली, उंबऱ्याला नाक लावलं आणि पट्टा बाहेरच्या बाजूला ताणला.

"खोली इकडे आहे," परीक्षक बाई म्हणाल्या.

मावशीने तिला परत आत आणलं. तपकीर शहाण्यासारखी एक चक्कर मारून पुन्हा उंबऱ्यापाशी.

"दीड मिनिट गेलं."

मावशीचा चेहरा भोंगाला दिसत नव्हता. पट्टा धरलेली मूठ दिसत होती, आणि ती आवळत चालली होती. गप्प राहावं तर तपकीर नापास. तोंड उघडावं तर लपवणारी बोलली म्हणून फेरी रद्द, म्हणजे तरी नापासच. आणि वर भोंगाने जागा सोडली हे चव्हाट्यावर येणार ते वेगळंच. गप्प बसलं तर निदान ते तरी झाकलं जाईल. कुपी काय, नंतर हळूच शोधून आणता येईल. हा विचार तिच्या मनात आला, अगदी पूर्ण आला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही. बारा घरांनी दोन महिने पिशव्यांना गाठी मारल्या होत्या. आजींनी तर लग्नातल्या साड्यासुद्धा यंत्रापुढे ठेवल्या होत्या, डोळे मिटून. त्या जिन्यातून चाळीस ढेकूण फिरत असताना कोरा चेहरा करून छत बघायचं?

"बाई," ती म्हणाली, आणि आवाज वर्षापूर्वीचा निघाला, 'हजर' म्हणणारा. तिने घसा खाकरला. "बाई, मी ठेवलेली कुपी या खोलीत नाहीये. मी पायरी सोडून खाली गेले होते. माझी चूक आहे."

पेन्सिल थांबली.

"पुढे एक अक्षर नको," परीक्षक बाई म्हणाल्या. "आता लपवणारी बोलली, म्हणजे नियमाने फेरी—"

"तिने कुठे नाही ते सांगितलं," मावशी म्हणाली. तिने भोंगाकडे वळूनही पाहिलं नाही, पण आवाज शांत होता. "कुठे आहे ते सांगितलं नाही. मला माहीत नाही. तुमचं पाकीट बंद आहे. आणि कुत्री अजून शोधतेय."

परीक्षक बाईंनी तपकीरकडे पाहिलं. तपकीरचं नाक उंबऱ्यावर होतं आणि शेपटी सरळ.

"तुला तरी माहीत आहे का, ती आत्ता कुठे आहे? फक्त मान हलव."

भोंगाने विचार केला. टोपीत आहे हे माहीत होतं. टोपी डोक्यावर असणार. पण डोकं कुठे आहे? देवाशपथ, माहीत नव्हतं. तिने आडवी मान हलवली.

"म्हणजे या खोलीत कुणालाच माहीत नाही." परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. "मग कुपी असेल ती खोली. चला. पण वेळ चालू आहे."

तपकीर निघाली ती पट्टा ताणतच. पहिल्या वळणावर आजी स्टुलावर होत्या. एवढी वरात येताना पाहून त्या कौतुकाने म्हणाल्या, "अगं, यांना शोधताय होय? हे ना, आत्ताच—"

भोंगाने दोन्ही हात जोडले, मग एक बोट ओठांवर ठेवलं, मग पुन्हा हात जोडले. मघाशी वीस मिनिटं न थांबता बोललेली मुलगी आता त्यांनाच गप्प करत होती. आजी इतक्या चकित झाल्या, की खरंच गप्प झाल्या. "नवलच आहे बाई," हे तेवढं मागून ऐकू आलं.

दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यापाशी तपकीर घुटमळली. तिथे आजोबा नेहमी दम खायला टेकायचे, आज टोपी काढून शेजारी ठेवली असणार. तिने कट्टा हुंगला, सोडला आणि पुढे झाली. खाली फाटकाजवळच्या बाकाशी पुन्हा तेच. मग ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, उजवीकडून एक सायकल जाऊ दिली आणि समोरच्या सलूनच्या उघड्या दारात शिरली.

आत चार माणसं. मोठ्या खुर्चीत पोस्टमास्तर आजोबा, मान मागे टाकलेली, गालभर फेस. त्यांच्यावर वाकलेला सलूनवाला. आणि भिंतीला लागून दोन गिऱ्हाइकं आपली पाळी यायची वाट बघत होती. त्या दोघांच्या बरोबर डोक्यावर एक खुंटी होती आणि खुंटीवर करडी टोपी.

तपकीर दोघांच्या मधोमध गेली, नाक वर केलं आणि बसली. पुतळा बसवावा तशी बसली.

"इथे," मावशी म्हणाली.

"तीन मिनिटं पन्नास," परीक्षक बाई म्हणाल्या.

"काय इथे?" सलूनवाला म्हणाला. वस्तरा हवेतच होता.

परीक्षक बाईंनी पाकीट उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "खुंटीवरची टोपी, आत कागदामागे." त्यांनी खुंटीकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. मावशीने टोपी काढून आतली घडी उलगडली आणि कुपी तळहातावर घेतली. परीक्षक बाईंच्या तोंडाची एक बाजू वर गेली. हसू असं नव्हतं ते, पण हसण्याच्या गावाला निघालेलं काहीतरी होतं. "खुंटी बरोबर. टोपी बरोबर. फक्त भिंत बदललीय."

"ते काय आहे?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"ढेकूण," भोंगा म्हणाली, कारण शोध संपला होता आणि आता बोलायला परवानगी होती.

दोन्ही गिऱ्हाइकांनी एकाच वेळी पाय वर घेतले. सलूनवाला वस्तऱ्यासकट खुर्चीमागे गेला. "माझ्या दुकानात? अहो, चार लोकांत कळलं तर इथे काळं कुत्रंही फिरकणार नाही."

"तपकिरी फिरकलंय की," आजोबा फेसातून म्हणाले.

"झाकण घट्ट आहे, जाळी शाबूत आहे, आणि हे सगळे खात्याचे नोकर आहेत," मावशी म्हणाली. "तरी तुमच्यादेखत मोजते." तिने कुपी उजेडात धरली आणि बोटाने टिचक्या मारत मोजू लागली. दुकानात इतकी शांतता पसरली, की आजोबांच्या गालावरचा फेस विरताना ऐकू यावा. "सदतीस. अडतीस. एकोणचाळीस."

मावशीने पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणचाळीस. एका गिऱ्हाइकाने आधी वर घेतलेले पाय आता पोटाशी धरले. भोंगाने कुपीला जवळजवळ नाक लावलं, आणि मग तिला दिसलं, की तळाशी एक जरा जास्तच जाडा वाटणारा ढेकूण आहे आणि त्याला जास्तीचे पाय आहेत.

"मावशी, तो एक नाहीये. एकावर एक बसलेत."

टिचकी मारल्यावर एकाचे दोन झाले. चाळीस. सगळ्यांनी पाय खाली सोडले, आणि सलूनवाल्याने कपाळ पुसलं ते चुकून फेसाच्या फडक्यानेच.

"पण आजोबा," भोंगा म्हणाली, "दोन महिन्यांत तुम्ही ती टोपी एकदाही घातली नाही. आजच का?"

आजोबांना जरा लाजल्यासारखं झालं. "मुख्य कार्यालयातून साहेब येणार म्हणून कळलं. आमच्या इमारतीची तपासणी, आणि मी दाढीचे खुंट वाढवून, उघड्या डोक्याने उभा राहू? म्हटलं गुळगुळीत दाढी करावी, टोपी घालावी, नीट स्वागत करावं." त्यांनी आरशातून परीक्षक बाईंकडे पाहिलं. "पुढे या," ते म्हणाले, कारण सवय.

परीक्षक बाई पुढे गेल्या आणि त्यांनी खरोखरच नमस्कार केला, फेसाला न भिता. मग दाराच्या चौकटीवर कागद टेकवून लिहायला लागल्या. तपकीर, तीनपैकी तीन, उत्तीर्ण. हे मावशीने त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि खाली वाकून तपकीरच्या कानामागे बराच वेळ खाजवत बसली, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. डोळे पुसायचे असले की मावशी नेहमी कुत्र्याच्या कानामागे वाकते, हे भोंगाला ठाऊक होतं.

"आतापर्यंत एकसष्ट परीक्षा घेतल्या," परीक्षक बाई म्हणाल्या. "लपवणाऱ्यालाही जागा माहीत नाही, अशी ही पहिलीच." आणि मग त्यांनी शेवटच्या रकान्यात, जिथे 'लपवणाऱ्याबद्दल शेरा' असं छापलेलं होतं, दोन छोटी वाक्यं लिहिली. भोंगाने मान उंचावून वाचली. 'जागेवर थांबत नाही. विचारायच्या आधी खरं सांगते.' तिला कळेना यात साखर किती आणि मीठ किती. पण पहिल्यांदाच चव ओळखीची वाटली.

एक काम मात्र उरलंच होतं. जी वस्तू कुपीसकट ठरल्या खोलीबाहेर गेली ती तापवायची, मग जाळी कितीही शाबूत असो. हा पथकाचा नियम, आणि मावशी नियमाला आपल्या माणसांतसुद्धा सवलत देत नसे. फाटकाजवळ पथकाची गरम पेटी लावली, आजोबांची टोपी आत ठेवली आणि दीड तासाचा काटा फिरवला.

"कुणीतरी राखणीला बसायला हवं," मावशी म्हणाली. "मध्येच कुणी उघडली तर पहिल्यापासून."

"मी बसते," भोंगा म्हणाली.

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच. "मघाशी 'माझी चूक' कुणी शिकवलं गं म्हणायला?"

"कुणी नाही. तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं."

"चांगलंच उघडलंस हो, भोंगे," मावशी म्हणाली आणि तिच्या डोक्यावर टपली मारून चहाला गेली.

भोंगा बसली. पहिल्या मजल्यावरचे काका शाळेचं विचारत आले, तिने हसून मान हलवली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बशा परत कधी मिळणार हे विचारत आल्या, तिने खांदे उडवले. आजी स्टूल घेऊन मुद्दाम समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "राहिलेल्या क्रीडावार्ता?" भोंगाच्या जिभेच्या टोकाशी पाच बातम्या येऊन रांगेत उभ्या राहिल्या, पण तिने पेटीच्या झाकणावर हात ठेवला आणि जागेवरूनच, बूड न हलवता, वाचायला सुरुवात केली. मग आजीच पुढे सरकल्या. मग काकू. हळूहळू अर्धी इमारत पेटीभोवती जमली. तपकीर भोंगाच्या पायांवर मान टाकून झोपली होती, त्यामुळे हलायचं मनात असतं तरी जमलं नसतं.

दीड तासाने घंटी वाजली. मावशीने टोपी काढली, जरा गार होऊ दिली आणि आजोबांच्या हातात दिली. गुळगुळीत दाढीचे आजोबा मघापासून उघड्या डोक्याने ताटकळत होते. त्यांनी आतली कागदाची घडी नीट लावली, टोपी घातली, आणि ती डोक्यात जाईना. पुन्हा दाबली. कपाळाच्या वरच अडकून बसली.

"आवळली की काय?" आजी म्हणाल्या.

लोकर तापली होती आणि पेटीतून बोटभर लहान होऊन बाहेर आली होती. मावशीचा चेहरा पडला. सहा वर्षांत पथकाने कुणाची वस्तू बिघडवली नव्हती. पण आजोबांनी टोपी काढली, आत पाहिलं, थोडा विचार केला आणि इतकी वर्षं जपलेली कागदाची घडी काढून खिशात घातली. मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. ती अशी बसली, की जणू माप घेऊन शिवलेली.

"पोस्टात नोकरीला लागलो तेव्हा ही अशीच बसायची," ते म्हणाले, आणि आरसा नव्हता म्हणून आजींकडे वळले. आजींनी मान तिरकी करून पाहिलं, काठ एका बोटाने जरा खाली केला आणि म्हणाल्या, "आता साहेब गेल्या. आता मिरवाल कुणापुढे?"

"तुझ्यापुढे," आजोबा म्हणाले.

भोंगाला ही बातमी ताबडतोब सगळ्या जगाला सांगायची होती. पण मावशीने अजून पेटी आवरली नव्हती, म्हणून ती तशीच बसून राहिली, झाकणावर हात ठेवून, तपकीरला न उठवता.